जाताना लवकर, येताना उशीर!

मुंबईहून कोलकात्याला आगगाडीने नागपूरमार्गे गेले, तर १,९६८ कि.मी. अंतर पडते. विमानाने किती पडेल? या दोन शहरांच्या विमानतळांपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत रेषा काढल्या आहेत, अशी कल्पना करा. त्या रेषांत जवळजवळ १५ अंशांचा कोन होतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० कि.मी. आहे. १५ अंश म्हणजे ३६० अंशांचा चोविसावा भाग. म्हणून अंतर सुमारे १,६६७ कि.मी. येते. ही झाली सर्वांत जवळची वाट.

जाताना अंतर तेवढेच, येताना तेवढेच. तरीही हिवाळ्यात कोलकात्याहून परतताना विमानाला अधिक वेळ लागतो. असे का बरे?

“पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून!” असे उत्तर विद्यार्थी हटकून देतात. पण जरा विचार करा. विमान वर असताना पृथ्वी खालून सरकत असती, तर कोलकाता विमानापासून दूर पळाले असते आणि परतताना मुंबई सामोरी आली असती! मग परतीलाच कमी वेळ लागला असता. घडते ते नेमके उलट. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, आणि उड्डाणापूर्वी विमानालाही तोच वेग असतो. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या आगगाडीत चेंडू सरळ वर उडवा. तो तुमच्याच हातात परत येतो.

खरे कारण आहे वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर १० ते १२ कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याच्या दक्षिणेकडील आपल्या मार्गावरही त्या उंचीवर पश्चिमेचाच वारा असतो.

आता गणित करू. विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० कि.मी. आणि वाऱ्याचा वेग ताशी १०० कि.मी. धरू. चढण्या-उतरण्याचा वेळ सोडून देऊ. वारा नसेल, तर एका फेरीला १२५ मिनिटे, म्हणजे जाऊन-येऊन २५० मिनिटे लागतील. वारा असताना जातानाचा वेग ९०० होईल व १११ मिनिटे लागतील. येतानाचा वेग ७०० होईल व १४३ मिनिटे लागतील. बेरीज २५४!

जाताना १४ मिनिटे वाचली, येताना १८ गेली. वारा तोच, मग फिटंफाट का झाली नाही? कारण वाऱ्याने मदत केली १११ मिनिटे आणि विरोध केला १४३ मिनिटे. म्हणूनच उड्डाणापूर्वी वाऱ्याचा अंदाज घेऊन इंधन ठरवावे लागते. नुसते अंतर पाहून चालत नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीस हा जेट प्रवाह हिमालयाच्या उत्तरेस सरकतो आणि हे चित्र पालटते.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. वाऱ्याचा वेग ताशी २०० कि.मी. धरा. वेग दुप्पट झाला, मग ४ मिनिटांचा तोटाही दुप्पटच होईल का? आधी अंदाज करा, मग वही उघडा!