चालायचं, पण कोणत्या चालीनं?

चि. बाळास,

तुझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, वाढलंय आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, असं ताईने कळवलं. गावातले म्हणतात, शेतकऱ्याच्या पोराला व्यायाम कशाला? जिमला जाणारे मित्र म्हणतात, जीव काढल्याशिवाय साखर उतरत नाही. दोघांचंही अर्धंच खरं आहे.

शनिवारी काष्टीच्या जनावरांच्या बाजारात हिंडलेल्या माणसाचे पाय संध्याकाळी भरून येतात. पण चार पावलं चालायचं, बैलाचे दात बघायचे, भाव करायचा, चहा घ्यायचा, यात नाडी फारशी वाढत नाही. शेतातही आता ट्रॅक्टर नांगरतो आणि बांधापर्यंत मोटरसायकल जाते. शिवाय अंगाने सडपातळ असलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! आपली माणसं वरून बारीक दिसली तरी आतून चरबी साठवून असतात, ती अशी.

चालताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. हा गुण एक-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणून आठवड्याला किमान १५० मिनिटं, आणि लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

आता वेगाचं. मधुमेहींच्या दोन गटांना कोपनहेगनच्या संशोधकांनी चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, तासभर चालवलं. एक गट एकसारख्या चालीने चालला. दुसरा तीन मिनिटं झपाट्याने, तीन मिनिटं सावकाश. खर्च झालेली ऊर्जा जवळपास सारखी, पण दिवसभराची सरासरी साखर उतरली ती दुसऱ्या गटाचीच. दमही त्यांचाच वाढला. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. प्रयोग लहान होता, माणसं जेमतेम बत्तीस, तरी तुझ्यासाठी हीच पद्धत मला सगळ्यांत पटते. झपाट्याची तीन मिनिटं म्हणजे बोलताना वाक्य मध्येच तुटलं पाहिजे. सावकाश चालताना श्वास पुन्हा जागेवर यायला हवा. पहिले काही आठवडे मात्र नुसतं बऱ्यापैकी वेगाने चाल. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत.

एकदम जोर काढलास तर घाबरवणारी एक गोष्ट घडू शकते: व्यायामानंतर लगेच तपासलेली साखर वाढलेली दिसते. अ‍ॅड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं, म्हणून. थोड्या वेळाने ती सहसा खाली येते, तेवढ्यावरून व्यायाम सोडू नकोस. तुला ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर धोका उलट दिशेचा, साखर फार उतरण्याचा. सुरुवातीलाच साखर ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, आणि खिशात ग्लुकोज ठेव. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला की तिथेच थांबायचं. जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा आणि हृदय तपासून घे. पडद्याला इजा असेल तर जोर काढणं चालत नाही.

वेळ मिळत नाही, ही सबब मला सांगू नकोस. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चाललं तरी जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहते, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतरची. फक्त गळीत हंगामात दौंड रस्त्याला जाऊ नकोस; अंधारात उसाच्या ट्रॉल्या दिसत नाहीत. शाळेचं मैदान बरं.

चपला घालून चालू नकोस, मोजे आणि बंद बूट घाल. घरी आल्यावर उजेडात बसून बोटांच्या बेचक्या आणि टाचा बघ. फोड किंवा भेग दिसली तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठ. या शनिवारी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा गोळ्यांची पाकिटं सोबत ने, आणि चालण्याआधी व नंतर साखर कधी तपासायची ते त्यांच्याकडून लिहून घे.

तुझा,
मामा