बर्फावरील सायकल : घर्षणाचा एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवी, सामान्य विज्ञान)

घर्षणाची व्याख्या, त्याचे फायदे आणि तोटे मुले बिनचूक पाठ म्हणून दाखवतात. त्याच वर्गातील एखादा मुलगा पावसाळ्यात शाळेच्या वळणावर सायकलसह घसरतो आणि गुडघे फोडून घेतो. पाठ केलेली व्याख्या आणि फुटलेला गुडघा यांचा संबंध त्याच्या ध्यानात आलेला नसतो. तो संबंध जोडून देणे हे शिक्षकाचे काम होय. त्यासाठी दूरच्या एका बर्फाळ देशाचे उदाहरण फार उपयोगी पडते. कारण जेथे रस्ता अत्यंत निसरडा असतो, तेथे घर्षणाचे स्वरूप सर्वांत स्पष्ट दिसते.

साहित्य : एक सायकल, पंप, जुन्या टायरचा तुकडा, वीट, दोरी, ताणकाटा, चौकटींचा कागद, मूठभर वाळू आणि थाळीत गोठवलेली बर्फाची लादी. लादी मिळाली नाही, तर साबणाच्या पाण्याने भिजवलेली गुळगुळीत फरशी चालेल.

प्रस्तावना : शिक्षकांनी मुलांच्या अनुभवातील प्रश्न विचारावेत. ओल्या शेवाळावरून चालताना आपण पाऊल कसे टाकतो? निसरड्या बांधावर पायाची बोटे का रोवतो? चिखलात झिजलेली चप्पल जास्त घसरते की नवी? उत्तरे आल्यावर हेतुकथन करावे : “ज्या गावी रस्त्यावर महिनोन्‌महिने बर्फ असते, तेथील मुले सायकलवरून शाळेत कशी जातात, ते आज पाहू.”

विषयविवेचन : नकाशावर फिनलंड देश दाखवावा. त्याच्या उत्तर भागात, सुमारे 65 अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रकाठी औलू हे शहर आहे. हिवाळ्यात तेथील तापमान शून्याच्या पुष्कळ खाली जाते. तरीही तेथील अनेक मुले व मोठी माणसे हिवाळाभर सायकल वापरतात. हिवाळी सायकल प्रवासावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2013 साली याच शहरात भरली. या लोकांचे यश धाडसावर नव्हे, तर समजून केलेल्या तयारीवर उभे आहे.

बर्फ निसरडे का असते? सायकलच्या भाराने बर्फ वितळते, असे पूर्वीपासून सांगितले जाते. परंतु ते पुरेसे नाही. वातावरणाच्या दाबाएवढा जादा दाब दिला, तरी बर्फाचा वितळबिंदू एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी उतरतो. टायरचा दाब तर अशा तीन-चार पटींचाच असतो. खरे कारण असे की, शून्याखालीही बर्फाच्या पृष्ठभागावरील कणांचा अत्यंत पातळ थर द्रवासारखा सैल असतो. मायकेल फॅरडे यांनी 1850 साली अशा थराची कल्पना मांडली होती. शिवाय घासण्याने उत्पन्न होणारी उष्णताही त्यात भर घालते. हा थर वंगणाचे काम करतो. म्हणून कडाक्याच्या थंडीतील कोरड्या बर्फापेक्षा वितळू लागलेले, पाणी साचलेले बर्फ अधिक धोक्याचे असते.

या निसरडेपणावर चार उपाय योजतात.

1. खिळे : हिवाळी टायरच्या बाहेरच्या पृष्ठभागात कठीण धातूचे शंभर-दोनशे किंवा त्याहून अधिक बारीक खिळे बसवलेले असतात. त्यांची टोके टंगस्टन कार्बाइडची असतात. ती बर्फात रुततात, म्हणजे आपण बांधावर पायाची बोटे रोवतो तेच काम करतात. असा एकच टायर उपलब्ध असेल, तर तो पुढच्या चाकाला बसवतात. कारण मागचे चाक घसरले तर स्वार कित्येकदा सावरतो, पुढचे घसरले तर बहुधा पडतोच.

2. मऊ रबर : साधे रबर थंडीत कडक होते व रस्त्याच्या खाचाखोचांत बसत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवतात.

3. कमी हवा : सैल बर्फावर टायरमधील हवा थोडी कमी ठेवतात. येथे गणिताची सांगड घालावी. एका चाकावर 30 किलोग्रॅम भार आहे आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 3 किलोग्रॅम आहे, तर टायर सुमारे 10 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकेल. दाब 2 किलोग्रॅम केला, तर सुमारे 15 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकेल. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे यात थोडा फरक पडतो.

4. रस्त्याची निगा : बर्फ बाजूला सारून वर बारीक खडी पसरतात. फार थंडीत मिठाचा उपयोग होत नाही. म्हणून खडीच बरी पडते.

एखादा चौकस विद्यार्थी येथे विचारील : “घर्षण टेकलेल्या जागेच्या आकारावर अवलंबून नसते, असे पुस्तकात आहे. मग कमी हवेने काय साधते?” असा प्रश्न आला, तर पाठ सफल झाला असे समजावे. गियोम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1699 साली मांडलेला तो नियम कठीण, कोरड्या पदार्थांना चांगला लागू पडतो. रबर मऊ असते आणि सैल बर्फ दबणारे असते. तेथे जागा वाढली, की टायर बर्फाच्या अधिक कणांत गुंततो व कमी खचतो. गुळगुळीत, कठीण बर्फावर मात्र नुसती हवा कमी करून फारसे साधत नाही. तेथे खिळेच हवेत. नियम खोटा नसतो. त्याला मर्यादा असते, हे मुलांना येथे समजेल.

प्रयोग : विटेखाली टायरचा तुकडा बांधून ती ताणकाट्याने ओढावी. कोरडी फरशी, ओली फरशी, बर्फाची लादी आणि वाळू टाकलेली लादी अशा चार ठिकाणी वीट सरकू लागताना काट्यावर येणारा आकडा मुलांनी फळ्यावर लिहावा. प्रयोगापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहून ठेवावा. चुकलेला अंदाज खोडू देऊ नये. त्याच्याशेजारी खरा आकडा लिहवून घ्यावा.

दुसरा प्रयोग : सायकलवर एका मुलाला बसवून दोघांनी ती धरावी. ओल्या खडूने रंगवलेले पुढचे चाक चौकटींच्या कागदावर टेकवून उठणारा ठसा मोजावा. मग थोडी हवा सोडून पुन्हा मोजावा.

उपयोजन : आपल्याकडील रस्त्यावर बर्फ नसते, पण पावसाळ्यातील शेवाळ असते, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून डांबरावर आणलेला चिखल असतो आणि भिजलेले लोखंडी झाकण असते. तेथे खिळ्यांचा टायर नको. तो उघड्या डांबरावर लवकर झिजतो. घरी टायरमध्ये खिळे ठोकण्याचा उद्योग तर मुलांनी मुळीच करू नये. हवाही फार कमी करू नये. रिम दगडावर आपटून ट्यूब फाटते. आपल्या मुलांनी तीन गोष्टी पाळाव्यात. गुळगुळीत झालेला टायर वेळीच बदलावा. वळणावर ब्रेक न दाबता वळणापूर्वी, सरळ चालतानाच वेग कमी करावा. कारण टायरची पकड ठरावीक असते आणि ती थांबणे व वळणे या दोहोंत वाटली जाते. शेवाळ दिसले, की उतरून सायकल हाती धरावी.

शेवटी शिक्षकांनी वर्गाला शाळेबाहेरच्या रस्त्यावर न्यावे. निसरड्या जागा मुलांनीच शोधाव्यात, त्यांचा नकाशा काढून फळ्याशेजारी लावावा आणि त्यांतील एका जागेचे शेवाळ खरवडून तेथे जाड वाळू टाकावी. औलूचे लोक जे खडीने साधतात, तेच आपल्या शाळेच्या वळणावर घडलेले मुले डोळ्यांनी पाहतील. पुढच्या पावसात त्या वळणावर कोणी पडले नाही, तर घर्षणाचा पाठ पुरा झाला असे म्हणता येईल.