जुन्या मोटारीचें इंजिन कां तापतें?

अँबॅसडर मोटारीचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें, तरी ती अद्याप कांहीं शेतकऱ्यांच्या दारीं उभी आहे. तिचें पाणी उकळूं लागलें कीं प्रथम रेडिएटरास दोष देतात. आम्हींही तेंच केलें. कांद्याचे पैसे नव्या रेडिएटरांत गेले आणि पाणी पूर्ववत् उकळत राहिलें.

तापलेल्या इंजिनाचें झांकण काढूं नये. कोंडलेली वाफ तोंड भाजते. निवल्यावर पाण्याची पातळी पाहावी. मोटार उभी असतां तापत असेल व धांवतांना निवत असेल, तर वारा अपुरा पडतो असें समजून पंखा, त्याचा पट्टा व जाळींतील कचरा पाहावा. घाटांत वा वेगांत तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह अडला असावा. वरची नळी कढत व खालची थंड लागल्यास हा संशय बळावतो. अशा वेळीं थर्मोस्टॅट काढून पातेल्यांतील पाण्यांत दोऱ्यानें टांगावा व पाणी तापवावें. तो बहुधा ८२ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास उघडूं लागतो. पाणी खळखळलें तरी मिटलेला राहिला तर निकामी होय. आमचा तसाच निघाला! विहिरीच्या जड पाण्यानें आंत खपली धरते, हेंही विसरूं नये.

तेल ताकासारखें पांढुरकें दिसल्यास मात्र हेड-गॅस्केट फुटल्याचा संशय धरावा व मोटार जागची हलवूं नये.