व्यापाऱ्याच्या आधी तुम्ही निवडा

बकरी ईद तोंडावर आली की माण, खटाव, जत, आटपाडीच्या वाड्यांवर व्यापाऱ्यांच्या पिकअप फिरू लागतात. व्यापारी कळपात शिरतो, पाठीवरून हात फिरवतो आणि सगळ्यात उमदी नर कोकरं बाजूला काढतो. मागं राहतात ती खुरटलेली. पहिला पाऊस पडला की हीच खुरटलेली पैदाशीला लागतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘साहेब, कोकरं अंगच धरत नाहीत’ म्हणून तक्रार येते. कशी धरतील? बाप कसला ठेवला होता?

आंत्रविषाराची लस, जंताचं औषध यावर यंदा लिहीत नाही. ते झालं असेल असं धरतो. नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना गाठा.

नर निवडायचे ते गाडी दारात यायच्या आधी, आणि नुसत्या डोळ्यांनी नाही. डॉक्टर ज्या सोनोग्राफी यंत्रावर गाभण जनावर तपासतात, त्याच यंत्रावर जिवंत कोकराच्या पाठीत मांस किती आणि चरबी किती हे मिलिमीटरमध्ये मोजता येतं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पैदाशीचे मेंढे निवडताना हे मोजमाप नेहमीचं आहे. ब्रिटनमध्ये ते साधारण 21 आठवड्यांच्या वयाला घेतात. आपली हिवाळ्यात जन्मलेली कोकरं मे महिन्यात जवळपास याच वयाची असतात.

कोकरू चौपायी सरळ उभं धरायचं. पाठ वाकली की माप चुकलं. शेवटच्या दोन बरगड्यांच्या, म्हणजे बाराव्या-तेराव्याच्या मध्ये, कण्याच्या बाजूला तळहाताएवढी लोकर कातरायची, खाण्याचं तेल चोळायचं आणि यंत्राचा प्रोब हलक्या हातानं टेकवायचा. दाबलात तर चरबीचा थर चेपतो आणि आकडा खोटा येतो. पडद्यावर वर कातडी-चरबीचे पातळ थर, खाली काळसर लंबगोल स्नायू आणि तळाशी लखलखीत पांढरी रेघ दिसते. त्या लंबगोलाची जाडी म्हणजे पाठीच्या मांसाची जाडी. गाई-म्हशींना वापरतात तो सरळ, पट्टीसारखा प्रोब 5 मेगाहर्ट्झचा असला तर चालतो. पंख्यासारखं चित्र देणाऱ्या प्रोबवर गाभ कळतो, ही जाडी नीट मोजता येत नाही.

माण तालुक्यात एका वाड्यावर दोन कोकरं काट्यावर सारखीच उतरली होती. मालकाचा जीव पोट सुटलेल्या, गोल दिसणाऱ्यावर; दुसरं लांबट, शांत. पडद्यावर लांबट कोकराचा स्नायू चार मिलिमीटरनं जाड निघाला. गोल कोकराच्या पोटात सकाळचं पाणी आणि पाटीभर भरडा होता, काट्यानं तोच तोलला. तरी मालक मानेनाच. शेवटी म्हाताऱ्या आईनं दटावलं तेव्हा लांबट कोकरू वाड्यात राहिलं.

हे पोट भरण्याचं खूळ कधी सुटणार? विक्रीच्या आदल्या दिवशी बेसनाचं पाणी पाजणं, मीठ चारून वर बादलीभर पाणी ढोसवणं, आठवडाभर मक्याचा भरडा कोंबणं. एकदम धान्य वाढवलं की पोटात आम्ल वाढतं, आंत्रविषार उसळतो आणि सगळ्यात जोमदार कोकरू आधी मरतं. मग कोणी गोडेतेल पाजतो, कोणी हिंग. या पोट भरण्यातून पाठीवर मांस एका मिलिमीटरनंही चढत नाही. खुराक वाढवायचा तर दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा.

माडग्याळ जातीची मेंढरं पाळणाऱ्यांनाही सांगायचंय. नाकाच्या बाकावर लाखाची बोली लागते, लागू दे. पण नाकाचं मटण होत नाही. बाकदार नाकाच्या नराचीही पाठ तपासा.

सोनोग्राफीनं सगळंच कळतं असं नाही. आपल्या मेंढरांच्या पाठीवर चरबी मुळात पातळ, त्यामुळे चरबीच्या आकड्यावर फार विसंबू नका. गुर्द्याभोवतीची, आतड्यावरची चरबी तर इथून दिसतच नाही. निवड मांसाच्या जाडीवर करा. तुलना एकाच वयाच्या, एकाच चाऱ्यावरच्या कोकरांतच करा आणि सगळी मापं एकाच माणसानं घेऊ द्या. जुळं कोकरू एकट्याशी तोलू नका. फलटणच्या नारी सुवर्णा मेंढीत गॅरोल जातीच्या मेंढीकडून आलेल्या जनुकामुळे जुळी होतात. जुळं हलकंच असणार. काट्यावर बघून ते विकलंत तर जुळ्याचा गुणही त्याच्याबरोबर गेला.

निवडलेल्यांच्या गळ्यात क्रमांकाचा बिल्ला बांधा. मोजताना खूण म्हणून कुणाच्याच कानाला खोच मारू नका. निवडीत न बसलेलं जनावर ईदेला विकायचं असतं आणि कान कापलेला दिसला की गिऱ्हाईक कां-कूं करतं. वीस-पंचवीस मेंढ्यांमागे एक नर लागतो, शिवाय एक राखीव धरा. बाकीचे खुशाल विका. व्यापारी बिल्लेवाल्यालाच जास्त भाव देईल, हे धरून चाला. तो येईल त्या दिवशी बिल्लेवाली कोकरं रानात चरायला पाठवा.