‘सुलतानी’ : एका शब्दाचा अर्थप्रवास

‘अस्मानी-सुलतानी’ हा जोडशब्द पदव्युत्तर वर्गात शिकविताना एक उत्तर हमखास येते : सुलतानी म्हणजे मुसलमानी अंमलातील जुलूम. हे उत्तर ना व्युत्पत्तीच्या कसोटीवर टिकते, ना वापराच्या.

अरबीत ‘सुलतान’ हे मुळात भाववाचक नाम आहे. सत्ता, अधिकार, प्रमाण हा त्याचा अर्थ. कुराणात तो याच अर्थाने येतो. राजाची पदवी म्हणून नव्हे. अकराव्या शतकात सेल्जुक राजांच्या नाण्यांवर मात्र तो पदवी होऊन बसलेला दिसतो. सत्ता या कल्पनेचा असा सत्ताधीश झाला. मराठीने ‘सुलतानी’ हे रूप नाम म्हणून वापरताना त्या सत्ताधीशाला बाजूस सारले आणि शब्द पुन्हा भाववाचक केला. फरक एवढाच, की आता तो सत्तेचा नव्हे, तर सत्तेने दिलेल्या पीडेचा वाचक आहे. अर्थापकर्षाचे इतके बोलके उदाहरण विरळाच.

ही पीडा देणाऱ्याच्या धर्माशी शब्दाला कर्तव्य नाही. पेशवाईतील महसुली करारांत अस्मानी-सुलतानी घडल्यास वसुलीत सूट देण्याचे कलम असे. अवर्षण ही अस्मानी; फौजेने पिके तुडविणे ही सुलतानी, मग फौज कोणाचीही असो. राज्य पेशव्यांचे, शब्द मात्र सुलतानाचा! शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. कुणब्याच्या तोंडचा हा शब्द तरीही हलला नाही.

खानदेशात याची दुसरी बाजू दिसते. थाळनेर, बऱ्हाणपूर येथून फारुकी घराण्याने १३८२ ते १६०१ राज्य केले. गुजरातच्या सुलतानाने त्यांना दिलेल्या ‘खान’ या पदवीवरून प्रदेशाचे नाव पडले, असे एक मत आहे. (‘कान्हदेश’ मानणारेही आहेत, तो वाद येथे नको.) ते मत स्वीकारल्यास, खान प्रदेशनामात निमूट मुरला आणि सुलतान गाऱ्हाण्यात उरला.

‘हुकूमशहा’ हा आधुनिक शब्द एका व्यक्तीकडे बोट दाखवितो. रावेर ओलांडून बऱ्हाणपुरास गेले की त्याचा ‘तानाशाह’ होतो. गोवळकोंड्याच्या अखेरच्या कुतुबशहाचे ते टोपणनाव. ‘सुलतानी’ला अशी व्यक्ती लागत नाही, म्हणून ती निवडून आलेल्या सरकारलाही लागू पडते. नोव्हेंबर २०२३ अखेरीस उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. पहिली अस्मानी, दुसरी सुलतानी, हे धुळ्याकडच्या कांदा उत्पादकाला कोशात पाहावे लागत नाही.