चरा पडलेली सीडी तरी गाणं कसं वाजवते? डिस्क प्लेअरच्या आतला प्रवास



शाळेचं कपाट आवरताना जुना डीव्हीडी प्लेअर आणि बालगीतांच्या दोन-चार सीडी सापडल्या. पाचवीच्या मुलांनी हट्ट केला म्हणून लावून दाखवलं. सीडीवर नखाने ओढल्यासारखे चरे होते, तरी गाणं अगदी स्वच्छ वाजलं. एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, तुम्ही म्हणाला होतात, खड्डा म्हणजे 1 आणि सपाट जागा म्हणजे 0. मग चऱ्यात कितीतरी 1 आणि 0 पुसले गेले असतील ना? गाणं कसं नाही अडखळलं?"

मला उत्तर आलं नाही. घरी येऊन नीट अभ्यास केला, तेव्हा लक्षात आलं की तिचा प्रश्न बरोबर होता आणि मी शिकवलेलं वाक्यच चूक होतं. हे वाक्य आपल्यापैकी अनेकजण शिकवतात, म्हणून हा पाठ सगळ्यांसाठी लिहीत आहे. चला, चकतीपासून टीव्हीपर्यंत सिग्नलचा प्रवास पायरीपायरीने पाहू.

पायरी 1 : प्रकाशाने वाचणे

सीडी म्हणजे 1.2 मिलिमीटर जाडीची पारदर्शक प्लास्टिकची चकती. तिच्या वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली, चमकदार धातूचा पातळ थर असतो. त्यात आतून बाहेर जाणारी एकच लांबलचक सर्पिल वाट असते आणि वाटेवर अतिशय बारीक खड्डे असतात. शेजारच्या दोन वळणांत अंतर फक्त 1.6 मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रुंदीत सहाशेहून जास्त वळणं! डीव्हीडीत हेच अंतर 0.74 मायक्रोमीटर असतं.

खालून लेझरचा किरण येतो. सीडीसाठी त्याची तरंगलांबी 780 नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटर. सपाट जागेवरून किरण पूर्ण परततो. खड्ड्यावर पडल्यावर काही प्रकाश खड्ड्यावरून आणि काही बाजूच्या सपाट भागावरून परत येतो. या दोन भागांच्या लहरी एकमेकींना मारक ठरतात, त्यामुळे परतणारा प्रकाश मंद होतो. हा कमी-जास्त प्रकाश प्रकाशसंवेदक टिपतो आणि त्याची विजेची लहर बनवतो.

संवेदकाचे चार भाग असतात. चारही भागांची बेरीज म्हणजे मुख्य सिग्नल. तिरप्या जोड्यांमधला फरक म्हणजे "भिंग वर घे की खाली घे" हा हुकूम. फिरणारी सीडी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वरखाली डोलू शकते, म्हणून भिंग लहानशा वेटोळ्यावर बसवलेलं असतं आणि लाउडस्पीकरच्या पडद्यासारखं सतत हलत राहतं. या स्वतःला सावरणाऱ्या यंत्रणेला सर्व्हो म्हणतात.

पायरी 2 : लहरीचे 1 आणि 0

आता माझी चूक. खड्डा म्हणजे 1 नाही आणि सपाट म्हणजे 0 नाही. खड्ड्याची कड, म्हणजे खड्डा सुरू होतो किंवा संपतो ती जागा, म्हणजे 1. दोन कडांच्या मध्ये खड्डा असो की सपाट भाग, तिथे सगळे 0. सर्किट विचारतं, "प्रकाश बदलला का?" बदलला तर 1, तसाच राहिला तर 0.

कडा फार जवळ आल्या तर ओळखू येणार नाहीत आणि फार लांब गेल्या तर प्लेअरची मोजणी चुकेल. म्हणून 8 बिटच्या प्रत्येक बाइटसाठी तक्त्यातून 14 बिटचा एक ठरलेला नमुना घेतात. नियम असा, की दोन 1 च्या मध्ये कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त दहा 0 हवेत. त्यामुळे खड्ड्याची लांबी 3 ते 11 एककांतच बसते. वाचताना प्लेअर हाच तक्ता उलटा वापरून 14 चे पुन्हा 8 बिट करतो.

पायरी 3 : चुकांची दुरुस्ती

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पहिली मदत भिंगाची. सीडीच्या खालच्या पृष्ठभागावर किरणाचा ठिपका साधारण 0.8 मिलिमीटर रुंद असतो आणि आतल्या थरावर पोहोचेपर्यंत दोन मायक्रोमीटरपेक्षाही लहान होतो. त्यामुळे पृष्ठभागावरची बारीक धूळ त्याला अंधुकच दिसते. चष्म्याच्या काचेवर धुळीचा कण असला तरी आपण वाचू शकतो ना, तसंच.

पण मोठ्या चऱ्याने माहिती खरोखर जाते. प्लेअर बनवणाऱ्यांनी ते धरूनच चाललेलं आहे. सीडीवर दर 24 बाइट आवाजामागे 8 बाइट केवळ तपासणीसाठी लिहिलेले असतात. शिवाय शेजारशेजारचे बाइट मुद्दाम लांब लांब पांगवलेले असतात. चरा पडला तर एकाच क्षणाचा आवाज सगळा जात नाही, अनेक क्षणांचा थोडा थोडा जातो. तो तपासणीच्या बाइटवरून पुन्हा काढता येतो. साधारण अडीच मिलिमीटर लांबीपर्यंत वाटेतली सलग माहिती गेली तरी सीडी प्लेअर ती जशीच्या तशी परत मिळवू शकतो. अंदाजाने नाही, अचूक!

त्याहून जास्त नुकसान झालं, तर मागच्या-पुढच्या नमुन्यांवरून मधली किंमत भरतो. तेही जमलं नाही तर क्षणभर आवाज बंद करतो.

वर्गात करून पाहा

कृती अ : फळ्यावर हा तक्ता काढा. शेवटचा आकडा असा निवडलाय की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत 1 ची संख्या सम यावी.

1 0 1 1 | 1
0 1 0 1 | 0
1 1 0 0 | 0
0 0 1 1 | 0
0 0 0 1 | 1

आता पाठ करून उभे राहा आणि एखाद्या मुलाला कोणताही एक आकडा बदलायला सांगा. मग वळून 1 मोजा. एक आडवी ओळ आणि एक उभी रांग विषम सापडेल. ती दोन्ही जिथे छेदतात, तो आकडा बदललेला! मुलांना आधी जादू वाटते, दोन फेऱ्यांत ती स्वतः करू लागतात.

डीव्हीडीत असाच आडवा-उभा तक्ता असतो, फक्त मोठा. 192 ओळी, प्रत्येकीत 172 बाइट. प्रत्येक ओळीच्या शेवटी तपासणीचे 10 बाइट आणि खाली तपासणीच्या 16 ओळी. एकूण 208 × 182. तिथलं गणित आपल्या सम-विषमपेक्षा बरंच पुढचं आहे आणि ते एका वेळी अनेक चुका दुरुस्त करतं, पण आडवं-उभं तपासण्याची कल्पना हीच.

कृती ब : चार-चार शब्दांची चार वाक्यं एकाखाली एक लिहा. "आई भाकरी थापत आहे", "बाबा शेतात गेले आहेत" अशी. मग कागदाच्या उभ्या पट्ट्या कापा आणि एक पट्टी लपवा. प्रत्येक वाक्यातला एकच शब्द जातो आणि मुलं तो ओळखतात. आता आडवी पट्टी लपवा. अख्खं वाक्य गेलं, कोणी काही सांगू शकत नाही. माहिती पांगवून का लिहितात, हे समजवायला वेगळं व्याख्यान लागत नाही.

पायरी 4 : पाण्याची टाकी

दुरुस्त झालेली माहिती थेट स्पीकरकडे जात नाही, आधी मेमरीत साठते. टाकीत पाणी कमी-जास्त धारेने पडलं तरी खालच्या नळाची धार सारखी ठेवता येते, तसं हे आहे. मेमरीतून माहिती बाहेर काढण्याची वेळ क्वार्ट्झ क्रिस्टल ठरवतो आणि टाकी ना रिकामी व्हावी ना भरून वाहावी, अशा बेताने मोटरचा वेग राखला जातो. सीडी आतली वाट वाचताना मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते, बाहेरची वाचताना सुमारे 200.

आठवतं का, टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणाऱ्याचा आवाज जाड आणि संथ व्हायचा? सीडीत मोटर जराशी मागेपुढे झाली तरी तसं होत नाही, ते या टाकीमुळे.

पायरी 5 : आकड्यांचा आवाज

सीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक 16 बिटचा, डावा आणि उजवा असे दोन. मुलांना गुणाकार द्या : 44,100 × 16 × 2 = 14,11,200 बिट दर सेकंदाला. हा 44,100 आकडा विचित्र वाटतो ना? सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. पडद्याच्या ओळींमध्ये नमुने बसवायचे, तर 3 × 294 × 50 = 44,100 आणि दुसऱ्या टीव्ही पद्धतीत 3 × 245 × 60 = 44,100. दोन्हीकडे जमणारा आकडा हाच!

डॅक नावाची आयसी प्रत्येक आकड्याचा तेवढ्या प्रमाणात विद्युतदाब करते. त्यातून जिन्याच्या पायऱ्यांसारखी लहर मिळते. पुढचं फिल्टर सर्किट माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या 20,000 हर्ट्झच्या वरचा भाग गाळतं, पायऱ्या गुळगुळीत होतात आणि लहर अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. 1 ऑक्टोबर 1982 ला जपानमध्ये विक्रीला आलेल्या सोनीच्या सीडीपी-101 या प्लेअरमध्ये दोन्ही बाजूंच्या आवाजाला मिळून एकच डॅक होती, ती आळीपाळीने काम करायची.

पायरी 6 : आकड्यांचं चित्र

चित्राचा पसारा मोठा असतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत एका चित्रात 720 × 576 = 4,14,720 बिंदू आणि सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे 1,03,68,000 बिंदू. रंगाची माहिती चार बिंदूंत मिळून एकदाच ठेवली, तरी प्रत्येक बिंदूला सरासरी 12 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 12 कोटींहून जास्त बिट. डीव्हीडीवर चित्रासाठी जास्तीत जास्त 98 लाख मिळतात. म्हणून एमपेग-2 पद्धतीने माहिती दाबून बसवतात. काही चित्रं पूर्ण ठेवतात, बाकीच्यांत फक्त "आधीच्यापेक्षा काय बदललं" एवढंच लिहितात.

प्लेअरमधली मुख्य चिप आधी चित्र आणि आवाजाची पाकिटं वेगळी करते. प्रत्येकाबरोबर आलेल्या वेळेच्या शिक्क्यावरून ओठ आणि शब्द जुळवते. मग चित्र उलगडते. शेवटी एन्कोडर त्यात ओळ आणि चित्र सुरू होण्याच्या खुणा आणि रंगाची 4.43 मेगाहर्ट्झची लहर मिसळतो आणि ते सगळं एका पिवळ्या तारेतून टीव्हीला पाठवतो. पांढरी तार डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची.

खराब डीव्हीडीत चित्राचे चौकोन का होतात, हेही आता कळेल. चित्र 8 × 8 बिंदूंच्या चौकोनांत दाबलेलं असतं. एका चित्रात चूक राहिली की त्यावर अवलंबून असलेली पुढचीही बिघडतात. नवं पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदात येतं, तेव्हा पडदा पुन्हा स्वच्छ होतो.

घरी उपयोगी पडेल असं

1. चकती पुसताना गोल गोल फिरवून पुसू नका. मधून कडेकडे सरळ पुसा. सरळ चरा वाट आडवी कापतो, नुकसान थोडं होतं आणि दुरुस्त होतं. गोल चरा वाटेबरोबर धावतो आणि सलग मोठा भाग नेतो.

2. सीडीची लेबलची बाजू जास्त जपा. धातूचा थर तिथेच आहे. तो खरवडला गेला की कोणतंही गणित कामाला येत नाही.

3. "नो डिस्क" आलं तर आधी भिंगावरची धूळ पाहा. चित्र आहे पण आवाज नाही, तर आधी लाल-पांढरी तार तपासा. चित्र काळं-पांढरं दिसलं तर टीव्ही आणि प्लेअरची रंगपद्धत जुळते का ते पाहा.

4. बंद पडलेला प्लेअर मुलांना उघडून जरूर दाखवा, पण वीज न जोडता. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असू शकते. तो बोर्ड जाणकाराकडून आधी काढून घ्या, मुलांच्या हाती देऊ नका. झाकण उघडं ठेवून प्लेअर कधीही चालू करू नका. सीडीचा लेझर डोळ्यांना जवळपास दिसत नाही, म्हणूनच तो जास्त धोक्याचा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर जुनं वाक्य लिहिलं, त्यावर काट मारली आणि सांगितलं, "हे मी चुकीचं शिकवलं होतं." प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच पुढे येऊन खड्डा काढला आणि त्याच्या दोन्ही कडांवर 1 लिहिला. वर्गाच्या वह्यांत जुनं वाक्य तसंच राहू नये, म्हणून प्रत्येकाने ते पान उघडून दुरुस्त केलं. तुमच्या वर्गातही हे वाक्य शिकवलं गेलं असेल, तर आधी तेवढं नक्की करा. कृती अ आणि ब त्यानंतर घ्या, एका तासिकेत दोन्ही होतात.