कोणी लिहिले, कशासाठी लिहिले?

गोड्या छाटणीनंतर तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदाराला मान वर करायला फुरसत नसते, आणि नेमका त्याच दिवसांत त्याच्यापुढे छापील कागदांचा ढीग पडतो. कंपन्यांची पत्रके, वर्तमानपत्रांच्या कृषी पुरवण्या, विद्यापीठाच्या शिफारशी, औषधांच्या बाटल्यांवरची लेबले. भाषा सगळ्यांची मराठी, विषय सगळ्यांचा शेती. हेतू मात्र प्रत्येकाचा वेगळा.

आमच्या चुलत्यांनी अशाच एका हंगामात वर्तमानपत्रातली एक यशोगाथा वाचून मण्यांच्या फुगवणीसाठी महागडे टॉनिक उधारीवर आणले. मणी दरवर्षीएवढेच फुगले, कृषी सेवा केंद्राची उधारी तेवढी वाढली. हंगाम सरल्यावर आम्ही दोघांनी ते पान समोर घेऊन ओळ न् ओळ वाचले. घड हातात धरलेल्या शेतकऱ्याचा फोटो होता, एकरी उत्पादनाचा आकडा ठळक होता. खर्चाचा आकडा कुठेच नव्हता. माती, पाणी, वाण, छाटणीची तारीख यांबद्दल चकार शब्द नव्हता. शेजारच्या ओळींना टॉनिक न देता तुलना केली होती का, तेही लिहिलेले नव्हते. टॉनिकचे नाव मात्र पुन्हा पुन्हा येत होते, शेवटी विक्रेत्याचा फोन नंबर होता आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे छापलेले होते.

एकही वाक्य खोटे न लिहिता वाचकाला हव्या त्या दुकानात नेता येते. काय सांगायचे आणि काय गाळायचे, एवढे ठरवले की झाले. म्हणून ‘हे खरे आहे का?’ याच्याही आधी ‘हे वाचून मी काय करावे, असे लिहिणाऱ्याला वाटते?’ हा प्रश्न विचारा.

याउलट कीडनाशकाच्या बाटलीवरचे लेबल तुम्हाला काहीच विकत नाही, ते सावध करते. त्यावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल असेल तर विष अतितीव्र. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. मात्रा किती, पीक कोणते, काढणीपूर्वी किती दिवस फवारणी बंद ठेवायची, हे लेबलावर आणि सोबतच्या माहितीपत्रकात असते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कृषी दर्शनी’ या प्रकाशनाचा हेतू माहिती देण्याचा. तिथली वाक्ये रुक्ष वाटतात, पण हेक्टरी प्रमाण, अंतर, वेळ असे ताडून पाहता येण्याजोगे आकडे त्यांत असतात.

मन वळवण्यासाठी लिहिलेले सगळेच संशयास्पद, असे मात्र समजू नका. महात्मा फुल्यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दारिद्र्याची बारीकसारीक वर्णने आहेत. ती शोषणावर प्रहार करण्यासाठी आहेत, आणि हा हेतू पुस्तकाच्या नावातच उघड आहे. ज्याचा हेतू उघड, त्याच्याशी वाचकाला वाद घालता येतो, सहमत होता येते. धोका असतो तो बातमीचा किंवा अनुभवाचा वेश घेतलेल्या जाहिरातीत.

तेव्हा कोणताही मजकूर हाती आला की आधी पानाच्या चारही कडा वाचा. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ हे शब्द तिथेच असतात. लिहिणारा कोण, त्याचे पोट कशावर चालते, ते पाहा. विशेषणांखाली रेघ मारा आणि आकडे वेगळे काढा. ‘भरघोस’, ‘हमखास’, ‘चमत्कारी’ यांची गर्दी आणि आकड्यांचा दुष्काळ दिसला, तर हेतू विक्रीचा समजा. गाळलेल्या गोष्टींची यादी करा आणि त्या विक्रेत्यालाच विचारा. २०२१ पासून जैवउत्तेजके, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये, खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. टॉनिक त्यांत मोडत असेल तर कायदेशीर परवानगीचा पुरावा मागा. एवढे करूनही वापरून पाहावेसे वाटले, तर चार ओळींवर वापरा, शेजारच्या चार ओळी तशाच ठेवा.

घरात शाळेत जाणारे मूल असेल तर या वाचनात त्यालाही सामील करून घ्या. ‘लेखकाचा हेतू स्पष्ट करा’ हा प्रश्न त्याच्या परीक्षेत काही गुणांचा असतो. बागायतदाराच्या घरात त्यावर अख्ख्या हंगामाचा पैसा अवलंबून असतो.